गाडी किती घेते?

सडपातळ माणूस मोटारसायकल घ्यायला निघाला की लोक विचारतात, "किती देते?" म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. अंगाने भरलेला माणूस निघाला की ॲव्हरेज कोणी विचारत नाही. लोक आधी माणसाकडे बघतात, मग गाडीकडे, मग परत माणसाकडे. आणि गाडीच्या वतीने हळूच विचारतात, "घेईल का?"

माझं वजन ११२ किलो. हे मी लपवत नाही, कारण लपवायला जागा नाही. योगायोग असा, की पेट्रोल-ऑइल भरलेल्या हिरो स्प्लेंडर प्लसचं वजनही ११२ किलोच आहे. गावोगाव, गल्लोगल्ली दिसणारी ती गाडी आणि मी तराजूत अगदी बरोबरीचे. तिला बघून मात्र सगळे म्हणतात, "हलकीफुलकी आहे हो, कोणालाही झेपते."

नगरला लागूनच्या भिंगारला राहणाऱ्या माणसाला गाडीवाचून तसं अडत नाही. शहरात रिक्षा, बाहेरगावी एसटी. एसटीची पहिली गाडीच मुळी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला आली, त्यामुळे नगरचा माणूस एसटीत हक्काने बसतो. मी दोन हक्कांनी बसतो. दोघांच्या सीटवर मला बघून नवा प्रवासी क्षणभर थांबतो, उरलेल्या जागेचा मनातल्या मनात भागाकार करतो आणि "मला पुढंच उतरायचंय" असं म्हणत पुण्यापर्यंत उभा राहतो. पण सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली, पाळ्या सुरू झाल्या, आणि रात्री बाराला सुटणाऱ्या माणसाची वाट बघायला एसटी काही थांबत नाही. गाडी घ्यायची ठरली. पहिलीच.

खरं तर वजनाच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याने कधी माघार घेतलेली नाही. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आमचा, १७,०४८ चौरस किलोमीटर. नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आकार तेवढाच राहिला. विजापूरच्या बुरुजावर बसलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली ओतली गेली ती नगरात. वजन सुमारे ५५ टन. ती विजापूरला न्यायला दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते असं सांगतात. त्या चारशेपैकी एकाही बैलाने "घेईल का?" विचारल्याची नोंद नाही. आजही चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथंच, रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून इथंच, आणि लष्कराची वाहनं तपासून बघणारी व्हीआरडीईही इथंच. एकेक टी-७२ रणगाडा एकेचाळीस टनांच्या घरातला. ज्या गावाच्या अंगवळणी एवढं लोखंड पडलंय, त्या गावात माझ्या एक क्विंटल बारा किलोंवर चौकाचौकांत चर्चा व्हावी, हे काही पटत नाही.

आणि गंमत बघा, देशाला हलकेपणा शिकवला तोही याच गावाने. १९७२ साली कायनेटिकची लूना आली ती नगरच्या कारखान्यातून. शहरातला कायनेटिक चौक आजही त्या कारखान्याचं नाव सांगतो. पन्नास सीसीचं इंजिन, खाली सायकलचं पायडल, आणि बसणाऱ्याबद्दल कसलीही अट नाही. माझे आजोबा माझ्याच मापाचे. त्यांच्याकडे लूना होती. मागून पाहिलं तर लूना दिसतच नसे. धोतर-टोपीतला एक धिप्पाड गृहस्थ बसल्या जागी, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवरून, निळा धूर सोडत पुढे सरकताना दिसे. चढ आला की ते पायडल मारत. सपाटीला इंजिनाने माणसाला न्यायचं आणि चढाला माणसाने इंजिनाला, असा तो समझोता होता. त्यात कोणी कोणाचं वजन काढत नसे. २०२४ मध्ये लूना विजेवर परत आली, ती दीडशे किलो ओझं वाहते असं कंपनी सांगते. पण मध्यरात्री पुणे महामार्गावर ट्रकांच्या रांगेतून लूनावर यायचं म्हणजे आजोबांचं काळीज हवं. मला त्यांचं फक्त माप मिळालंय.

मग सल्लागार मंडळ बसलं.

मामा पाथर्डी तालुक्यातले. त्यांनी विषय दोन शब्दांत संपवला. "बुलेट घे." मग कारण दिलं, "तुला शोभंल." आत्या म्हणाली, "स्कूटर घे रे, पायाशी भाजीची पिशवी राहते." चुलतभावाने मोबाइलवर केटीएम दाखवली, तिच्याकडे बघताना त्याचा आवाजच बदलला. दाजी व्यवहारी. ते म्हणाले, "मेव्हणे, स्प्लेंडर. विकताना किंमत येते." आमच्याकडे गाडी घेण्याआधी ती विकून झालेली असते.

एकेक करून सगळ्यांचं ऐकलं. आत्याची स्कूटर सरळ रस्त्याला उत्तम. वळताना मात्र हँडल पोटाला टेकतं, म्हणून वळण घेण्याआधी श्वास सोडावा लागतो. नगरच्या दिल्ली गेटला एकदा श्वास सोडला की तो परत घ्यायची संधी कुठे मिळेल, सांगता येत नाही. चुलतभावाच्या गाडीवर पुढे झुकून बसायचं असतं. मी झुकलो, पण माझ्या आधी माझं पोट टाकीवर जाऊन बसलं होतं. शिवाय तिची मागची सीट एवढी वर, एवढी लहान, की आईला गावाला न्यायचं तर आधी माळ्यावर चढायची शिडी घ्यावी लागली असती.

बुलेटचं प्रकरण जरा नाजूक होतं, कारण त्यात मामा होते. आताची बुलेट १९५ किलोची, त्यावर मी, म्हणजे ३०७. चालू गाडी मला लीलया नेईल यात शंका नाही. साडेतीनशे सीसीचं इंजिन, वीस हॉर्सपॉवर, तीही खालच्या गिअरपासून ओढ देणारी. पण गाडी आयुष्यातला बराच काळ बंद असते. बंद बुलेट नाक उताराकडे करून लावलेली असली की ती मागे ओढून काढावी लागते. तिथे तुमचं वजन उपयोगी पडतं, दम मात्र वेगळा आणावा लागतो. मी म्हटलं, "मामा, मी नवशिका. एवढी जड गाडी हातातून पडली तर?"

मामा शांतपणे म्हणाले, "पडू दे की. बुलेट पडली तर उचलायला चार माणसं धावत येत्यात. स्प्लेंडर पडली तर तुझी तुला उचलावी लागंल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पण सगळ्यांचं ऐकून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. गाडी मला झेपेल का, मी गाडीला झेपेन का, यावर कोणी बोलतच नव्हतं. सगळ्यांना काळजी होती ती दिसेल कसं याची. हत्तीवर अंबारी घालायची की झूल, इथपर्यंतच चर्चा चालली होती.

यंत्राचं पहिलं शहाणपण मिळालं ते भिंगारमधल्या एका फिटरकडे. दुकान पत्र्याचं, समोर उघडी पडलेली इंजिनं, भिंतीवर दोरीला टांगलेल्या जुन्या चेन. त्याने मला आपादमस्तक पाहिलं, पण त्या नजरेत करुणा नव्हती. अंदाज होता. तो म्हणाला, "भाऊ, गाडीला जाड-बारीक काही कळत नाही. गाडीला किलो कळतात."

मग त्याने कपाटातून एका शंभर सीसी गाडीची पुस्तिका काढली. गाडीबरोबर मिळणारी ही पुस्तिका मराठी माणूस घरातल्या महत्त्वाच्या कागदांत जपून ठेवतो आणि कधीही उघडत नाही. तिच्यात भाराचा आकडा असतो. चालवणारा, मागचा आणि सामान, सगळं मिळून १३० किलो. म्हणजे कंपनीच्या डोळ्यांसमोर पासष्ट-पासष्ट किलोंचे दोन सज्जन आहेत आणि ते हातात पिशवीसुद्धा न घेता निघालेत. त्यातून माझे ११२ वजा केले की उरले अठरा. मागे आई बसू शकत नाही. आईची पिशवी बसू शकते.

"आता हे बघा," म्हणत त्याने मागचा शॉकअप दाखवला. स्प्रिंगच्या तळाशी एक रिंग असते, तिला पाच खाचा. रिंग फिरवली की स्प्रिंग आधीपासूनच थोडी दाबली जाते, आणि वजनदार माणूस बसला तरी गाडी मागून खचत नाही. ती फिरवायचा वाकडा पाना टूलकिटमध्ये असतो. "पण एकही गिऱ्हाईक तो पाना बाहेर काढत नाही," तो म्हणाला. "प्लॅस्टिकसकट पुढच्या मालकाला देतात." खचलेल्या गाडीचा त्रास फक्त पाठीला होत नाही. मागचं अंग खाली गेलं की पुढचं उचललं जातं, हेडलाइट रस्ता सोडून झाडांवर पडतो आणि हँडल हलकं लागायला लागतं. रात्री समोरून डोळ्यांवर उजेड मारत येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला आपण उद्धट समजतो. बऱ्याचदा तो फक्त जेवून आलेला असतो.

मग ब्रेक. स्प्लेंडरवर पासष्ट किलोंचा माणूस आणि स्प्लेंडरवर मी, यांच्या एकूण वजनात सव्वापट फरक पडतो. वेग तोच असेल तर थांबवायची मेहनतही सव्वापट. म्हणून पुढे डिस्क बघून घ्यायची, आणि पुढच्या गाडीमागे इतरांपेक्षा जास्त अंतर ठेवायचं. मग टायर. चेनच्या कव्हरवर एक स्टिकर असतो, त्यावर हवेचे दोन आकडे: एकट्याचा आणि डबलसीटचा. "तुम्ही एकटे असले तरी डबलची हवा मारायची. टायर डोकी मोजत नाही." शेवटी इंजिन. हॉर्सपॉवरचा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो, पण तो बहुधा इंजिन पिळल्यावर मिळतो. जड माणसाला हवी ती कमी फेऱ्यांवरची ओढ, नाहीतर प्रत्येक सिग्नलला क्लच प्लेट जळते आणि महिन्याला फिटरची भेट घडते. "तशी माझी काही तक्रार नाही," तो म्हणाला.

एवढ्यात दुकानासमोरून एक दूधवाला गेला. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, मागे आडवी बांधलेली तिसरी किटली, वर स्वतः. मी हिशेब केला. लिटरभर दूध किलोहून जरासं जास्तच भरतं, म्हणजे दोन कॅनमधलं दूधच ८२ किलो. कॅन वेगळे, किटली वेगळी, माणूस वेगळा. दीडशे कधीच ओलांडले. अशा गाड्या आमच्या जिल्ह्यात रोज पहाटे डेअरीच्या दिशेने जातात. घोडेगावच्या कांदा बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गोण्या जातात. पेंडीची पोती जातात. लग्नसराईत टाकीवर थोरला, मधे धाकटा, मागे बायको, बायकोच्या मांडीवर आहेराची पिशवी, असं अख्खं कुटुंब जातं. १३० हा आकडा या गाड्यांच्या कानावर अजून गेलेलाच नाही.

आणि त्यांतल्या एकालाही कोणी थांबवून विचारत नाही, "घेईल का?" दूध, कांदा, पेंड, पोरं अशी विभागून आणलेली दीडशे किलो म्हणजे कष्ट, संसार, प्रपंच. तेवढीच एका अंगात आणली की विनोद. गाडीच्या दृष्टीने दोन्ही ओझी सारखीच. उलट माझं ओझं जास्त सोयीचं म्हणायला हवं. मी हिंदकळत नाही, सांडत नाही आणि वळणावर स्वतःहून झुकतो.

हा विचार मी फिटरला अभिमानाने ऐकवला. त्याने मान हलवली. "बरोबर आहे भाऊ. पण त्याचा मागचा चिमटा दोनदा वेल्डिंग केलाय. मीच केलाय." थोडं थांबून म्हणाला, "गाडी सगळं घेती. पण लिहून ठेवती."

शोरूममध्ये जायच्या आधी त्याने तीन परीक्षा सांगितल्या. पहिली, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकायला हवेत, नुसते चवडे टेकून भागत नाही. सिग्नलला डोलणाऱ्या नवशिक्याला वजन शत्रू वाटतं, पाय टेकले की तेच वजन नांगर होतं. दुसरी, मागे माणूस बसवून खड्ड्यात घालायची, आणि शॉकअप तळाला टेकून 'ठक्' वाजतो का ऐकायचं. तिसरी, गाडी बंद करून थोड्या चढावर मागे ढकलून बघायची.

शोरूममधल्या पोराने अदबीने विचारलं, "सर, स्वतःसाठीच का?" मी हो म्हटलं. त्याने मला रंग दाखवायला सुरुवात केली. "सर, काळा घ्या. काळ्यात बारीक दिसते."

"गाडी?"

तो काही बोलला नाही. पोरगा चांगला होता, खोटं बोलवेना त्याला.

टेस्ट राइडला मागे तोच बसला. खड्डा शोधायला आमच्या जिल्ह्यात फार लांब जावं लागत नाही. नगर–मनमाड रस्त्याने तर या शास्त्रात अशी कीर्ती मिळवलीय, की शिर्डीला जाणारा भाविक वाटेतच बाबांचा धावा सुरू करतो. पण आमचं काम शोरूमच्या मागच्या गल्लीतच झालं. पहिली गाडी 'ठक्' वाजली. दुसरीचा शॉकअप वाजला नाही, मागचा पोरगा वाजला. तिसरीच्या वेळी तो म्हणाला, "सर, तुम्ही निवांत एकटेच फिरून या." तिसरी बिचारी काहीच बोलली नाही. तीच ठरली.

ती १६० सीसीची आहे, १४० किलोच्या जवळपास, लांब सपाट सीट, पुढे डिस्क. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. मी जाहिरात केली तर कंपनीला ती थांबवायला पैसे द्यावे लागतील. हेल्मेटच्या दुकानदाराने मात्र ५८० नंबर माझ्या डोक्यावर दोन्ही हातांनी दाबत सांगितलं, "वापरून सैल होतं." मी ६२० घेतलं. डोक्याच्या बाबतीत तरी सैल करून घ्यायची तयारी नव्हती. लायसन्ससाठी पाय न टेकता आठाचा आकडा काढावा लागतो. तो पहिल्या फटक्यात निघाला. दोन भरीव गोल एकमेकांना चिकटलेले, आकृती ओळखीची होती.

पूजेच्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली. मी बसून गाडी पुढे घेतली. आई वाकून बघत म्हणाली, "अगं बाई, बीसुद्धा राहिली नाही." मामा आले होते. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मधलंच काहीतरी घेतलंस." मग करंजी घाटातून आईला घेऊन त्यांच्याच गावी गेलो. शॉकअप आधीच कडक खाचेवर नेला होता. तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढलो, गाडीने हूं की चूं केलं नाही. वर पोचल्यावर आईला विचारलं, त्रास झाला का? ती म्हणाली, "छे! तुझ्यामागं वाराच लागत नाही." मागच्या प्रवाशाची ही सोय कुठल्याच पुस्तिकेत छापलेली नाही.

काही दिवसांनी आरसी आली. एमएच १६. तिच्यात मालकाचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, इंजिनाचा नंबर, आणि गाडीचं रिकामं वजनसुद्धा किलोसकट लिहिलेलं आहे. मालकाच्या वजनाला रकाना नाही. या सगळ्या खरेदीत मला वजन न विचारणारं सरकार हे एकमेव निघालं, आणि सरकारबद्दल असं म्हणायची संधी रोज येत नाही.

आता दर आठवड्याला हवा भरायला जातो. पंक्चरच्या दुकानातला पोरगा नवा आहे. नळी लावता लावता त्याने विचारलं, "एकट्याची मारू का डबलची?"

"डबलची."

त्याने माझ्या पाठीमागे वाकून बघितलं. "दुसरं माणूस कुठंय?"

म्हटलं, "पुढंच बसलंय. मार."